घरच्या लिनक्सवर मराठी : ‘दऱ्या’चा ‘दर्या’ का होतो

इंदुरातल्या मराठी घरात लिनक्स ही संगणक चालवणारी खुली प्रणाली बसवली की देवनागरी लगेच दिसते, पण बहुधा हिंदी वळणाची. इन्स्टॉल करताना सवयीने हिंदी निवडली जाते. मग ‘ल’ आणि ‘श’ परके वाटतात, ‘ॲ’ची कळ सापडत नाही आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ म्हणजे समुद्र होतो. कळा, अक्षरांचे कोड आणि फॉन्ट हे तीन थर वेगवेगळ्या काळात घडले. बिघाड कोणत्या थरात आहे हे कळलं की दुरुस्ती सोपी होते.

इन्स्क्रिप्ट हा की-बोर्ड १९८६चा. भारतीय लिप्यांचा वर्णक्रम सारखाच असल्याने एकच मांडणी सगळ्यांना लावली गेली. १९८८मध्ये इस्की ही कोडपद्धत आली आणि जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या १९९१च्या कोडपद्धतीने देवनागरीचा विभाग तिच्यावरच बेतला. लिनक्सचं कर्नल म्हणजे गाभाही १९९१चाच, पण त्यावर देवनागरी नीट जुळायला बरीच वर्षं गेली. रेड हॅट या लिनक्स कंपनीने लोहित फॉन्ट २००४मध्ये खुले केले.

दरम्यान कृतिदेवसारख्या फॉन्टांवर काम चाललं. त्यांत आतला कोड रोमन अक्षराचा आणि वर चित्र देवनागरीचं. मंडळाचा जुना अहवाल लिनक्सवर उघडल्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो तो यामुळे, आणि युनिकोड फॉन्ट टाकून तो सुटत नाही. मजकूर कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. त्यानंतर आधी ऱ्हस्व इकार आणि रफार तपासा. जुन्या पद्धतीत इकार अक्षराआधी आणि रफार नंतर टाइप होत असे, युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे असतो. चुका नेमक्या तिथे राहतात.

‘ॲ’ची गोष्ट अधिक त्रासाची. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि १ दाबलं की हिंदीतला ‘ऍ’ येतो. मराठी ‘ॲ’ला स्वतंत्र कोड मिळाला तो थेट २००८मध्ये, युनिकोड ५.१मध्ये. तोवर लोक ‘अ’वर चंद्र जोडून काम भागवत. दिसायला ही जोडी आणि नवा ‘ॲ’ सारखे, पण संगणकाला वेगळे. म्हणून ‘ॲड्रेस’ शोधला की जुन्या फायलीतला सापडत नाही. लिब्रे ऑफिस या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये अक्षरानंतर कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा. ०९७२ दिसलं तर नवा कोड आहे. जुन्या फायलींत ‘अ’ आणि चंद्र ही जोडी शोधून एकदाच बदलून टाकावी.

‘दऱ्या’तल्या अर्ध्या ‘र’ला तर आजही स्वतःचा कोड नाही. तो ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ जोडून लिहायचा. इन्स्क्रिप्टमध्ये ‘द’नंतर शिफ्ट-जे, मग डी, मग तिरपी रेघ आणि शेवटी काना. शिफ्ट दाबायची राहिली की साधा ‘र’ पडतो आणि तो रफार होऊन डोक्यावर चढतो. चूक कळांची आहे, फॉन्ट बदलून उपयोग नाही.

‘ल’ आणि ‘श’ मात्र फॉन्टाच्या थरातले. कोड तोच, आकार भाषेवर ठरतो. महाराष्ट्र शासनाने वर्णमालेचा निर्णय २००९मध्ये काढला, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे प्रोग्रॅमला कोणीतरी सांगायला हवंच. लिब्रे ऑफिसच्या भाषा-सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्टसाठी (देवनागरीसारख्या लिप्या त्यात येतात) मराठी निवडा आणि मराठी आकार असलेला फॉन्ट लावा.

ज्यांना उच्चाराप्रमाणे टाइप करायचं आहे त्यांनी आयबस-एम१७एन हे पॅकेज घ्यावं. ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये आयबस ही टाइपिंगची यंत्रणा २०१२पासून, ३.६ आवृत्तीपासून, अंगभूत आहे. पॅकेज टाकल्यावर यादीत मराठी दिसत नाही अशी तक्रार नेहमीची. लॉगआउट करून परत आलं की दिसते. सेटएक्सकेबीमॅप या आज्ञेने मांडणी बदलण्याचे जुने सल्ले वेलँड या पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या नव्या यंत्रणेवर लागू पडत नाहीत, तिथे सेटिंग्जमधूनच मांडणी जोडावी.

आणि होळकरी कागदपत्रं जपणाऱ्या इंदूरकरांसाठी : मोडी युनिकोड ७.०मध्ये, २०१४ साली आली. नोटो सान्स मोडी नसेल तर मोडी मजकुराच्या जागी फक्त चौकोन दिसतात. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर फॉन्ट्स-नोटो-कोअर हे पॅकेज टाकलं की तो फॉन्ट येतो.