अभिसंधान : अभिजात व साधक

घटनांच्या परस्परसंबंधांच्या अनुभवातून वर्तनात होणाऱ्या बदलाला अभिसंधान म्हणतात. वर्तन विश्लेषणात त्याचे दोन प्रकार मानले जातात. अभिजात अभिसंधानात वर्तनाआधी काय घडते हे निर्णायक असते, तर साधक अभिसंधानात वर्तनानंतर काय घडते हे.

अभिजात अभिसंधानाचा पाया रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह (१८४९–१९३६) यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून घातला. अन्नामुळे लाळ सुटणे ही उपजत प्रतिक्रिया. अन्नापूर्वी वारंवार मेट्रोनोमचा (ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या यंत्राचा) ठोका ऐकवला, की पुढे नुसत्या ठोक्यानेही लाळ सुटते. अन्न देणे थांबवल्यास ही प्रतिक्रिया मंदावते. यास विलोपन म्हणतात. मात्र शिकलेले पुसले जात नाही. काही काळाच्या खंडानंतर ती प्रतिक्रिया पुन्हा डोके वर काढते. दोन गोष्टी नुसत्या एकत्र येणेही पुरत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी १९६८ मध्ये दाखवले, की ध्वनी नसतानाही विजेचा झटका तितकाच संभवत असेल, तर उंदीर त्या ध्वनीला भीत नाहीत.

साधक अभिसंधानाची पूर्वपीठिका अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या मांजरांवरील प्रयोगांत (१८९८) आहे, बी. एफ. स्किनर (१९०४–१९९०) यांनी त्याला पद्धतशीर रूप दिले. ज्या परिणामामुळे वर्तन वाढते ते प्रबलन, ज्यामुळे घटते ती शिक्षा. काही मिळाले तर धन, काही दूर झाले तर ऋण. गोळीने डोकेदुखी थांबली आणि माणूस पुढच्या वेळीही गोळी घेऊ लागला, तर ते ऋण प्रबलन होय. त्याला शिक्षा समजण्याची चूक फार चिवट आहे. परिणाम प्रबलन की शिक्षा, हे तो घडवणाऱ्याच्या हेतूवरून ठरत नाही, वर्तन वाढले की घटले यावरून ठरते. रागावल्याने मुलाचा दंगा वाढत असेल, तर ते रागावणे प्रबलनच आहे.

प्रबलन दर वेळी मिळाले नाही, तर वर्तन उलट अधिक टिकाऊ होते. जुगाराच्या यंत्रात बक्षीस किती डावांनंतर येईल हे अनिश्चित असते, म्हणून खेळणारा थांबत नाही. प्रबलन अचानक बंद केल्यास वर्तन ओसरण्यापूर्वी बरेचदा उसळते. हट्टाकडे दुर्लक्ष करायचे ठरवलेले पालक नेमके याच टप्प्यावर नमले, तर अधिक तीव्र हट्टालाच प्रबलन मिळते.

हे नियम सर्वत्र सारखे लागू पडत नाहीत. गार्सिया व कोलिंग या संशोधकांच्या १९६६ च्या प्रयोगात उंदरांनी मळमळीचा संबंध चवीशी सहज जोडला, प्रकाश व आवाजाशी मात्र नाही. विजेच्या झटक्याबाबत नेमके उलट घडले.