विमानाची काच, हेल्मेटची काच आणि पेट्रोलचा थेंब

सेस्ना 172 सारख्या चार सीटच्या विमानाची पुढची काच ही मुळात काच नसतेच, अ‍ॅक्रिलिक असतं, म्हणजे दुकानांच्या पाट्या बनवतात ना तेच, फक्त जास्त चांगल्या ग्रेडचं. खऱ्या काचेची घनता साधारण 2.5 आणि अ‍ॅक्रिलिकची 1.19, म्हणजे वजन निम्म्याहून कमी, आणि गरम केलं की हवा तसा गोलवा देता येतो.

आता प्रश्न असा की पॉलीकार्बोनेट, म्हणजे दुसरं पारदर्शक प्लास्टिक, ते का नाही? हेल्मेटची पुढची काच त्याचीच असते, हातोडा मारला तरी पटकन फुटत नाही. मलाही आधी वाटायचं की मजबूत आहे तर तेच लावा की. पण एक तर त्यावर ओरखडे लगेच पडतात, वरचं कोटिंग गेलं की उन्हाने पिवळं पडतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पेट्रोल. सेस्नाच्या टाक्या डोक्यावरच्या पंखात असतात, कधी इंधन ठिबकलं आणि पॉलीकार्बोनेटचा पत्रा वाकवून ताणून बसवलेला असेल तर ते आत शिरून प्लास्टिकच्या लांब साखळ्या एकमेकींपासून सैल करतं, मग धक्का न लागताच तडे जातात. (हेल्मेटची काच पेट्रोलने पुसणाऱ्यांनो, ऐकताय ना?) एफ-16 या लढाऊ विमानाची कॅनोपी (पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण) मात्र पॉलीकार्बोनेटची आहे, कारण त्या स्पीडला पक्षी आदळला तर अ‍ॅक्रिलिकचे तुकडे होतील, म्हणून तिथे कोटिंगचा खर्च परवडतो.

अ‍ॅक्रिलिकचे नखरेही कमी नाहीत बरं का. साधं ड्रिल बिट लावलं तर ते मटेरियलमध्ये घुसतं आणि पलीकडून बाहेर पडताना टवका उडवतं, म्हणून बिटचं टोक घासून 60 अंशाचं करतात आणि धार मुद्दाम बोथट ठेवतात, म्हणजे ते कापण्याऐवजी खरवडत जातं. भोकही स्क्रूपेक्षा मोठं लागतं, कारण 30 अंश तापमान वाढलं की 1 मीटर अ‍ॅक्रिलिक साधारण 2 मिलिमीटर वाढतं आणि अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम जेमतेम 0.7, मग स्क्रू घट्ट आवळलेला असेल तर तडा भोकापासूनच सुरू होतो.

आणि पुसायला घरचा अमोनियावाला ग्लास क्लीनर अजिबात नको, त्याने केसासारख्या बारीक चिरांचं जाळं पडतं, समोर सूर्य आला की सगळं चमकायला लागतं आणि रनवे दिसत नाही. भरपूर पाणी, सौम्य साबण, मऊ सुती कापड, आणि हात वर-खाली, गोल गोल नाही.