काटा पावतीची पीडीएफ मेलवर कोरी का उघडते?

कापसाचा हंगाम लागला की वणी, आर्वी, हिंगणघाट भागातल्या जिनिंगवाल्यांचे आम्हाला फोन येतात. "पावती गेली, व्यापाऱ्याला पोचली, पण उघडली तर पान कोरं." आमचा काट्याचा प्रोग्रॅम वापरणारे बरेच जण आता मेल पाठवायचा कोड आपल्याच ऑपरेटरकडून लिहून घेतात. चांगली गोष्ट आहे. हे पत्रक त्या ऑपरेटरसाठी आहे, आणि शेठसाठीही, कारण पावती कोरी गेली की कास्तकाराचा चुकारा अडतो.

आधी कोऱ्या पानाचं कोडं. पीडीएफचा सांगाडा साध्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेला असतो, पण पानावरचा मजकूर बहुतेक वेळा दाबून, आवळून भरलेला असतो. फाईल वाटेत बिघडली तरी सांगाडा तग धरतो, म्हणून पानांची संख्या बरोबर दिसते. आतला माल मात्र गेलेला असतो.

बिघाड मेलमध्येच झाला असं सगळे समजतात. आमच्या अनुभवात तो बहुतेकदा पाठवण्याच्या आधी, फाईल वाचतानाच होतो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत फाईल नुसत्या 'आर'ने (वाचण्याच्या खुणेने) उघडली तर ती मजकूर समजून वाचली जाते. पीडीएफ म्हणजे मजकूर नाही, 0 ते 255 मधल्या आकड्यांची, म्हणजे बाइटांची, रांग आहे. त्यातले बरेच आकडे अक्षर म्हणून लागत नाहीत, आणि पायथन युनिकोडची चूक दाखवून थांबतो. इथवर सगळं ठीक. पुढे ऑपरेटर नेटवर शोधतो, 'एरर्स'पुढे 'इग्नोर' लिहितो आणि चूक दिसायची बंद होते. म्हणजे न लागलेले बाइट गुपचूप गाळले जातात. 'रिप्लेस' लिहिलं, तर पुन्हा लिहिताना त्या जागी 239, 191, 189 हे तीन आकडे येऊन बसतात. बिघडलेली फाईल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईलमधले कच्चे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा. 'ईएफ बीएफ बीडी' हे त्रिकूट (तेच तीन आकडे, हेक्स पद्धतीने लिहिलेले) जागोजाग दिसलं, तर कोणीतरी तिला मजकूर म्हणून वाचलं हे नक्की. उपाय एका अक्षराचा: 'आर'ऐवजी 'आरबी'. लिहितानाही 'डब्ल्यूबी'च.

ही चूक आमच्याकडूनही झालेली आहे. सी भाषेतल्या आमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये पावतीवरचा लोगो विंडोजवर मजकुराच्या पद्धतीने लिहिला जात होता. तिथे 10 हा आकडा (ओळ संपल्याची खूण) दिसला की विंडोज त्याच्याआधी 13 घालतं. पीएनजी चित्राची सुरुवात 137, 80, 78, 71, 13, 10, 26, 10 अशी ठरलेली असते. आमच्या फाईलमध्ये 13 दोनदा लागोपाठ होता. पीएनजी करणाऱ्यांनी हे 13 आणि 10 सुरुवातीलाच ठेवले ते असा बिघाड लगेच पकडता यावा म्हणूनच. आम्हाला मात्र तो सापडायला दोन दिवस लागले.

आता मेलचा भाग. मेल वाहून नेण्याचे 1982 चे नियम साध्या इंग्रजी मजकुरापुरते होते: 0 ते 127 एवढेच आकडे, आणि एक ओळ शेवटच्या खुणेसकट 1000 अक्षरांच्या आत. त्या वाटेने पीडीएफ जाणार कशी? 1992 मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टाईन आणि नेड फ्रीड यांनी माइमचे, म्हणजे मेलला फाईल जोडण्याचे, नियम मांडले. एका मेलचे अनेक भाग करायचे, मधे सीमारेषेची ओळ टाकायची, आणि प्रत्येक भागावर आत काय आहे आणि ते कसं बांधलं आहे याची चिठ्ठी लावायची. पीडीएफसाठी ती बांधणी म्हणजे बेस64.

हिशेब सोपा आहे. तीन बाइट म्हणजे 24 बिट. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार तुकडे करायचे आणि प्रत्येकाला ठरलेल्या 64 चिन्हांतलं एक द्यायचं. पीडीएफचे पहिले तीन बाइट 37, 80, 68. त्यांचे चार तुकडे होतात 9, 21, 1, 4, आणि चिन्हं निघतात जे, व्ही, बी, ई. म्हणून मेलचा मूळ मजकूर उघडल्यावर जोडलेल्या भागाची सुरुवात 'जेव्हीबीई'ने दिसली, तर निदान सुरुवात तरी शाबूत आहे.

तीनाचे चार झाले म्हणजे वजन वाढलं. रुईला बारदाना लागतो, तसंच. दर 76 चिन्हांनंतर ओळ तोडावी लागते, ते धरून वाढ सदतीस टक्क्यांच्या आसपास जाते. सर्व्हरची मर्यादा 25 एमबी असेल तर मूळ फाईल 18 एमबीच्या आतच ठेवा.

काही जण चिठ्ठीवर 'बायनरी' लिहून बाइट जसेच्या तसे सोडतात. समोरच्या सर्व्हरने तशी सोय आहे असं आधी सांगितलं असेल तरच हे चालतं, आणि ती सोय सगळीकडे नसते. आमचा सल्ला बेस64 चाच. पण हाताने बांधू नका. पायथनच्या 'ॲड अटॅचमेंट' या फाईल जोडण्याच्या आज्ञेला कच्चे बाइट द्या, बांधणी ते स्वतः करतं. तुम्ही आधी बांधून दिलं तर बांधणीवर बांधणी होते आणि व्यापाऱ्याला पीडीएफऐवजी अक्षरांची भलीमोठी रांग मिळते. प्रकार म्हणून 'ॲप्लिकेशन/पीडीएफ' लिहा. 'ऑक्टेट-स्ट्रीम' (नुसते बाइट, प्रकार माहीत नाही) लिहिलं की काही मोबाईलना ती कशाने उघडायची हेच कळत नाही.

वेबसाइटच्या फॉर्ममधून फाईल चढवत असाल तर नियम वेगळा. तिथेही भाग आणि सीमारेषा असतात, पण बाइट कच्चेच जातात, बेस64 करायचं नाही. आणि 'मल्टिपार्ट'चा हेडर, म्हणजे अनेक भाग आहेत असं सांगणारी वरची चिठ्ठी, स्वतः लिहू नका. त्यात सीमारेषेचं नाव राहून जातं आणि पलीकडच्याला भाग वेगळे करता येत नाहीत.

नवा कोड लावला की आधी स्वतःच्याच पत्त्यावर पावती पाठवा, ती उतरवून घ्या आणि मूळ फाईलशी बाइटांची संख्या ताडून बघा. एका बाइटचाही फरक चालवून घेऊ नका. तरी अडलं तर आलेला मेल आहे तसा सेव्ह करून पेनड्राइव्हवर आमच्या दुकानात आणा. फॉरवर्ड करू नका, कारण फॉरवर्ड करताना बांधणी नव्याने होते आणि चूक कुठली ते आम्हाला दिसत नाही.