वूली डेव्हिल

(शास्त्रीय नाव : ओव्हिक्युला बायरेडिएटा, कुल : ॲस्टरेसी). अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील बिग बेंड नॅशनल पार्कमध्ये आढळणारी दुर्मिळ वर्षायू रानवनस्पती. सूर्यफूल, शेवंती, झेंडू यांच्याच कुलातली. पण उंची जेमतेम काही सेंटिमीटर. फूल नीट पाहायचे तर जमिनीवर पालथेच पडावे लागते.

हा प्रदेश चिवावा वाळवंटात मोडतो. ओकोटिओ व क्रिओसोट ही वाळवंटी झुडपे आणि काटेरी निवडुंग यांच्या अधूनमधून, खडकाळ जमिनीवर पाऊस झाला की ही रोपे उगवतात आणि थोडक्या दिवसांत फुलून संपतात. पानांवर दाट पांढरी लव असते. वाळवंटी वनस्पतींत अशी लव ऊन परतवते आणि पानातले पाणी उडून जाऊ देत नाही. पिवळ्या स्तबकाच्या (अनेक बारीक फुलांच्या गुच्छाच्या) कडेला किरणपुष्पके, म्हणजे पाकळीसारखी दिसणारी फुले, बहुधा दोनच, त्यांवर तांबूस रेघा. ती सैतानाच्या (डेव्हिलच्या) शिंगांसारखी दिसतात, आणि ‘डेव्हिल्स डेन’ नावाची जागाही जवळच आहे. टोपणनाव त्यातून आले. ‘ओव्हिक्युला’ या प्रजातीच्या (जवळच्या जातींच्या गटाच्या) नावाचा अर्थ ‘छोटी मेंढी’. त्यात लोकरीसारख्या लवीबरोबरच तिथल्या बिगहॉर्न या रानमेंढ्यांचीही आठवण आहे.

मार्च 2024 मध्ये उद्यानाच्या स्वयंसेविका डेब मॅन्ली यांना ही रोपे दिसली. त्यांनी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेली छायाचित्रे कोणत्याच ज्ञात वनस्पतीशी जुळेनात. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस, सल रॉस स्टेट युनिव्हर्सिटी आदी संस्थांच्या अभ्यासकांनी डीएनए तपासला, तेव्हा जातीच काय, प्रजातीही नवी निघाली. फेब्रुवारी 2025 मध्ये ‘फायटोकीज’ या वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. अमेरिकी राष्ट्रीय उद्यानात नव्या प्रजातीचा असा शोध जवळजवळ पन्नास वर्षांनी लागल्याचे सांगतात. त्याआधीचे उदाहरण म्हणजे डेथ व्हॅलीतले, 1976 मध्ये वर्णिलेले ‘जुलै गोल्ड’ झुडूप. (डेथ व्हॅलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मात्र 1994 मध्ये मिळाला.) बिग बेंड 1944 पासून उद्यान आहे. तिथे अभ्यासकांची ये-जा कायम असूनही हे रोप इतकी वर्षे सुटले, ते बहुधा आकारामुळे आणि अल्पायुष्यामुळे.

वनस्पतीवर सूक्ष्म ग्रंथीही आढळल्या. याच कुलातील इतर काही वनस्पतींच्या अशा ग्रंथींत कर्करोगविरोधी गुणांची संयुगे असतात; पण तेवढ्यावरून औषध हाती लागले म्हणणे घाईचे होईल.

शोधाच्या वेळी ही रोपे उद्यानाच्या उत्तर कोपऱ्यातील तीनच ठिकाणी नोंदली गेली. वाळवंट अधिक तापू लागले आहे, कोरडेही होत आहे. त्यामुळे आपण नोंदवलेली जाती नामशेष होण्याच्या वाटेवर असू शकेल, अशी भीती संशोधकांनी शोध जाहीर करतानाच बोलून दाखवली.