घड की बाळी?

सप्टेंबरच्या शेवटी पिंपळगाव बसवंतच्या मावसभावाबरोबर काडी तपासणीला गेलो होतो. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या द्राक्षाच्या काड्या त्यानं टेबलावर ठेवल्या. तिथल्या प्रयोगशाळेतल्या मुलीनं ब्लेडनं एक डोळा, म्हणजे काडीवरची कळी, उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तपकिरी खवल्यांच्या आत, कापसासारख्या लवेत, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा एक पांढुरका ठिपका होता. "हा घड," ती म्हणाली. बाग अजून छाटायची होती, पण फेब्रुवारीत उतरायचा माल काडीत येऊन बसला होता.

थंड देशांत हिवाळा आला की वेल पानं गाळून झोपतो आणि वसंतात आपोआप जागा होतो. आपल्याकडची थंडी त्याला तेवढी झोप लावत नाही. नुसता सोडला तर शेंड्याकडून वाढत राहतो, खालचे डोळे मुकेच. म्हणून नाशकात वेलाचं कॅलेंडर कात्री ठरवते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. छाटण्या दोन, पीक मात्र एकच. मग एप्रिलची कशासाठी, असं बाहेरगावचा माणूस हमखास विचारतो.

एप्रिलमध्ये ओलांड्यावरच्या, म्हणजे तारेवर आडव्या पसरलेल्या जाड फांद्यांवरच्या, जुन्या काड्या अगदी आखूड कापतात आणि नव्या काड्या फुटतात. साधारण 40 ते 60 दिवसांच्या टप्प्यात त्यांच्या डोळ्यांत एक सूक्ष्म गाठ तयार होते. ती घड होईल की बाळी, हे तेव्हा तिचं तिलाच ठाऊक नसतं. बाळी म्हणजे वेल ज्यानं तारेला धरतो तो ताणा. दोघं एकाच गाठीची भावंडं, म्हणून कधीकधी बाळीला दोन-चार मणी लागलेले दिसतात. सायटोकायनिन आणि जिबरेलिन ही वेलातली दोन संप्रेरकं ते ठरवतात. सायटोकायनिनचं पारडं जड झालं तर गाठीला फांद्या फुटून घड होतो. जिबरेलिनचं जड झालं तर बाळी. 2002 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पिनो म्युनिए या वाणापासून एक बुटका वेल मिळवला. त्याला जिबरेलिनचा निरोपच कळत नव्हता, आणि बाळीच्या जागी त्याला घड येत होते!

आता उन्हाळ्यातली बागेची कामं बघा. सातव्या पानावर शेंडा मारून सबकेन, म्हणजे त्याच काडीला पुढे फुटणारी नवी काडी, घ्यायची, बगलेतले जादा फुटवे खुडायचे, काड्या विरळ करायच्या, पाणी आणि नत्र हात राखून द्यायचं. वेलाची सरळसोट वाढ थोपवायची आणि प्रत्येक डोळ्याला ऊन मिळवून द्यायचं, एवढ्याचसाठी हा खटाटोप. मे 2025 मध्ये ऐन या दिवसांत पावसानं ठाण मांडलं. त्या वर्षी "पाऊस लवकर आला, बरं झालं" असं मी म्हणालो, तेव्हा भावानं माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं.

गंमत पुढे आहे. थॉम्पसन या बिनबियांच्या वाणात फळधारणा होते, पण बी कोवळेपणीच मरतं. मणी फुगवणारं जिबरेलिन मुख्यतः बियांतून येतं, त्यामुळे बिनबियांचा मणी बारीक राहतो. म्हणून डिसेंबरच्या सुमारास शेतकरी घड 'जीए'च्या, म्हणजे जिबरेलिनच्याच, द्रावणात बुडवतात. मे महिन्यातला वैरी डिसेंबरात मानाचा पाहुणा! पुढे मण्यात पाणी उतरतं, म्हणजे मणी पिकायला लागतात, तेव्हा निफाडची थंडी आडवी येते, मग रात्री ठिबक चालू आणि बांधावर शेकोट्या.

सटाणा-देवळ्याकडच्या डाळिंबवाल्यांची तऱ्हा वेगळी. ते पाणी तोडून झाडाला ताण देतात, पानगळ करतात आणि आंबे, मृग की हस्त यांपैकी कोणता बहार, म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम, घ्यायचा ते स्वतः ठरवतात.

अहवाल हातात आला. पाचव्या-सहाव्या डोळ्यात घड, सातव्यापासून पुढे बाळ्या. भावानं तिथूनच सुरगाण्याच्या छाटणीवाल्या मुकादमाला फोन लावला. "मामा, सहा डोळे ठेवा. काडी कितीही जाड दिसू द्या, सातव्याचा मोह नको."