होनिंग की बोअरिंग? नव्या रिंगा टाकण्याआधी ब्लॉकचं काय करायचं

गाडी निळा धूर मारायला लागली आणि ऑइल सारखं वरून घालावं लागलं, की गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "रिंगा टाकूया की दादा, ब्लॉक उद्यमनगरला पाठवतो." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी, आणि ब्लॉक म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडर. कोल्हापूरच्या उद्यमनगर ह्या कारखान्यांच्या वसाहतीतून तो संध्याकाळी परत येतो. आत ताज्या तिरक्या रेघा दिसतात, आणि गिऱ्हाईक धरून चालतं की बोअर झालं. प्रत्यक्षात ते नुसतं होनिंग असू शकतं, किंवा बोअर करून वर होनिंग. नव्या रिंगा बसणार की पुन्हा धूर येणार, हे ह्याच फरकावर ठरतं, म्हणून पैसे देणाऱ्याने तो समजून घ्यावा.

बोअरिंग हे आकाराचं काम आहे. झिजून वाकडातिकडा झालेला ब्लॉक मशीनवर एका टोकदार टूलने आतून कातून पुन्हा गोल आणि सरळ करतात. व्यास वाढतो, त्यामुळे पिस्टनही मोठा लागतो. होनिंग हे पृष्ठभागाचं काम आहे. हजारो किलोमीटर रिंग घासून ब्लॉकची भिंत आरशासारखी गुळगुळीत होते. गुळगुळीत झालेला पाटा वाटण वाटत नाही, त्याला टाकी लावून घ्यावी लागते, तसंच हे. आरशावर ऑइल टिकत नाही आणि नवी रिंगही तिथे स्वतःला घासून बसवू शकत नाही. होनिंगच्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघांत ऑइल साठतं, आणि रेघांच्या बारीक कडा सुरुवातीच्या काही किलोमीटरमध्ये झिजून रिंग आणि भिंत एकमेकांना जुळवून घेतात. ह्या रेघा साधारण 45 ते 60 अंशांत छेदतात. होन, म्हणजे घासायचं हत्यार, फिरता ठेवून वर-खाली करण्याचा वेग बरोबर असला तरच हा कोन येतो.

गफलत होते ती इथे. होनिंगने ब्लॉक दिसायला नवा होतो, झीज मात्र तशीच राहते. विशेषतः गोळ्यांचा लवचिक होन भिंतीच्या आकारामागे जातो. ब्लॉक लंबगोल असेल तर तो लंबगोलच राहतो, फक्त रेघा येतात.

ब्लॉक सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे पहिली रिंग थांबून मागे फिरते, तिथे स्फोटाचा दाब आणि उष्णता सगळ्यात जास्त आणि ऑइलचा थर सगळ्यात पातळ. झीज तिथे सर्वाधिक. त्याच्या वर, रिंग पोचतच नाही तिथे, न झिजलेली एक कड उरते. बोट फिरवलं तर नखाला लागते. नव्या रिंगेची धार ह्या कडेवर आपटली तर रिंग मोडू शकते. शिवाय गजनपिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात पिस्टन भिंतीवर दाबला जातो, त्यामुळे त्या दिशेने ब्लॉक लंबगोल होतो. म्हणून मशीनवाला बोअर गेजने (आतला व्यास मोजायच्या साधनाने) वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घेतो. माप न घेता "होनिंगवर भागतंय" म्हणणाऱ्याकडे ब्लॉक देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांवर वाढलेल्या आपल्या उद्यमनगरात मापाची जाण असलेले हात भरपूर आहेत. त्यांच्याकडून सहा आकडे कागदावर मागून घ्या.

बोअर गेज नसेल तर टेपर, म्हणजे वरच्या आणि खालच्या व्यासातला फरक, घरीही कळतो. नवी रिंग ब्लॉकमध्ये ठेवा, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सपाट करा आणि तिच्या तोंडातली, म्हणजे दोन टोकांमधली, फट फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. आधी अगदी खाली, जिथे झीज जवळजवळ नसते, मग वरच्या झिजलेल्या पट्ट्यात. समजा स्प्लेंडरचा 50 मिलिमीटरचा ब्लॉक आहे, खाली फट 0.15 आली आणि वर 0.45. फरक 0.30. परीघ व्यासाच्या सुमारे 3.14 पट, म्हणजे वरचा व्यास जवळपास 0.1 मिलिमीटरने मोठा झालाय. अशा ब्लॉकमध्ये 7000 आरपीएमला रिंगेला मिनिटाला 7000 वेळा उघडावं आणि तितक्याच वेळा मिटावं लागतं. ती धड सील करणार नाही. इथे बोअरच हवा. लंबगोलपणा मात्र ह्या युक्तीने कळत नाही, त्याला गेजच लागतो.

माप मर्यादेत असेल, उभे ओरखडे नसतील आणि जुना पिस्टन ठीक असेल, तर होनिंग आणि स्टँडर्ड रिंगा पुरतात. उगाच बोअर केल्याने ब्लॉकचं आयुष्य कमी होतं, कारण मोठे पिस्टन सहसा 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मिलिमीटर अशा पायऱ्यांनीच मिळतात, म्हणजे ब्लॉक मोजक्याच वेळा बोअर करता येतो.

बोअर करायचाच असेल तर पिस्टन आधी विकत घ्या आणि ब्लॉकबरोबर द्या. मशीनवाला पिस्टनचं माप स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर), पिनच्या काटकोनात घेतो आणि त्यात क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि भिंतीमधली मोकळी जागा, मिळवून बोअर ठरवतो. टूलने कातलेली भिंत खरबरीत असते, म्हणून शेवटचं थोडं मटेरियल होनसाठी राखून ठेवतात. बोअरनंतर होनिंग झालंच पाहिजे. "बोअर केलाय, आता होन कशाला" हे ऐकून घेऊ नका.

काही नव्या गाड्यांना, उदाहरणार्थ केटीएम 390 ला, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर निकासिलचा कडक थर असतो. बोअर केला की तो थरच जातो. अशा ब्लॉकला नेहमीचं बोअरिंग चालत नाही.

आता धुणं. बहुतेक कामं इथेच बिघडतात. होनच्या दगडाचे कण रेघांत रुतून बसतात, आणि पेट्रोलने पुसलं की ऑइल निघतं, कण तिथेच राहतात. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन ब्लॉक रगडून धुवा. कोरडा करून पांढऱ्या फडक्याला ऑइल लावून आतून पुसा. फडक्यावर करडा डाग आला तर पुन्हा धुवा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. मग लगेच ऑइल लावा, कारण धुतलेलं बीड (ओतीव लोखंड) बघता बघता गंजतं.

जोडताना रिंगेवरची खूण वर ठेवा आणि तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका. पहिल्यांदा चालू केल्यावर गाडी तासभर स्टँडवर आयडलिंगला ठेवू नका. रिंगेमागे जाणारा वायूचा दाबच तिला भिंतीवर दाबतो, आणि आयडलिंगला तो दाब पुरत नाही. पन्हाळा रस्त्यावरच्या वाघबीळपर्यंत एक फेरी मारा, वेग कमीजास्त करत, थ्रॉटल अर्ध्यापर्यंत उघडत आणि सोडत. मध्ये थांबून इंजिन गार होऊ द्या. पहिलं ऑइल लवकर बदला, झिजलेल्या धातूचा चुरा त्यातूनच बाहेर पडतो.