वाहत्या वायूतून येणारा प्रकाश

पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण जुन्नरजवळ गिरवलीला आहे. अशा दुर्बिणीतून आलेला ताऱ्याचा प्रकाश वर्णपटमापकाने उलगडला की रंगांच्या पट्ट्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक रेषा कुठल्या तरी मूलद्रव्याची ओळख सांगते. एवढं शाळेतही शिकवतात. पण ज्या वायूतून हा प्रकाश येतो, तो वायूच धावत असेल तर?

उष्ण, अतितेजस्वी ताऱ्यांवरून सेकंदाला दोन-तीन हजार किलोमीटर वेगाने वायू उधळला जात असतो. अतिनवताऱ्यात, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यात, हा वेग दहा हजारांच्या घरात जातो. सेकंदाला ३,००० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येणाऱ्या हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा डॉप्लर परिणामामुळे (गतीमुळे तरंगलांबी बदलते, त्यामुळे) सुमारे साडेसहा नॅनोमीटर निळ्या बाजूला सरकते. त्यात वायूच्या प्रत्येक थराचा वेग निराळा, म्हणून रेषा पसरून रुंद पट्टा होतो.

अशा वायूतून प्रकाश कसा वाट काढतो याचं गणित महाकठीण असणार, असं कुणालाही वाटेल. स्थिर वायूत ते कठीणच असतं. रेषेच्या नेमक्या तरंगलांबीचा फोटॉन (प्रकाशाचा कण) एका अणूने शोषला, सोडला, की दुसरा पकडतो. त्यामुळे इथल्या वायूची स्थिती पार दूरच्या वायूवर अवलंबून राहते. लेनिनग्राडचे खगोलभौतिकज्ञ व्ही. व्ही. सोबोलेव्ह यांनी १९४०च्या दशकात दाखवलं, की गतीच या गुंत्यातून सोडवते. बाहेर निघालेल्या फोटॉनला पुढचा प्रत्येक थर जास्त वेगाने पळताना भेटतो, म्हणून त्या थराच्या दृष्टीने फोटॉन अधिकाधिक लाल होत जातो. एका ठरावीक पातळ थरातच तो रेषेशी जुळतो. तिथून निसटला, की ती रेषा त्याला पुन्हा अडवत नाही. मग हिशेब तेवढ्याच जागेचा उरतो: तिथे शोषणारे अणू किती आणि वेग किती झपाट्याने बदलतोय. खगोलभौतिकीतल्या इतक्या देखण्या युक्त्या मला फार थोड्या माहीत आहेत.

उष्ण, तेजस्वी ताऱ्यांचे वारे, म्हणजे उधळला जाणारा वायू, वाहतात तेही यामुळेच. खालचा थर रेषेतला प्रकाश गिळतो, पण वरच्या वेगवान थराची रेषा सरकलेली असल्याने त्याला कुणी न शोषलेला प्रकाश मिळतो आणि तो आणखी ढकलला जातो. कॅस्टर, ॲबट आणि क्लाइन यांनी १९७५मध्ये असंख्य रेषांचा हा एकत्रित रेटा गणितात बसवला.

रेषांची गर्दी काय करू शकते, ते १७ ऑगस्ट २०१७ला नोंदवलेल्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत दिसलं. (नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही पुढे तिचा रेडिओ वेध घेतला.) बाहेर फेकलेला वायू प्रकाशाच्या वेगाच्या दशांशाहून जास्त वेगाने धावत होता, आणि त्यात लॅन्थेनाइड गटातली जड मूलद्रव्यं होती. त्यांच्या इलेक्ट्रॉनांची रचना इतकी गुंतागुंतीची, की रेषा लाखोंनी. फोटॉन एका रेषेतून सुटतो न सुटतो तोच पुढची समोर. निळा प्रकाश थोड्याच दिवसांत मावळला; अवरक्त मात्र आठवड्याहून अधिक टिकला. लॅन्थेनाइडांमुळे असं घडेल, हे २०१३मध्येच गणिताने सांगितलं होतं.

सोबोलेव्ह यांची रीत सगळीकडे चालत नाही. रेषा एकमेकींना खेटून असतील किंवा वायू गाठीगाठींचा असेल, तर संगणकात एकेका फोटॉनचा प्रवास रेखाटावा लागतो. त्यासाठी प्रत्येक रेषेची जागा आणि ताकद ठाऊक हवी. निओडिमियमसारख्या लॅन्थेनाइड मूलद्रव्याच्या बहुतेक रेषा अजून प्रयोगशाळेत मोजलेल्या नाहीत. तिथे अणुभौतिकीच्या गणितातून काढलेल्या आकड्यांवरच काम चालतं.